काशम्माच्या दारातला मऊ तुकडा

होटगीजवळच्या पाझर तलावाच्या बांधावर सळई टोचली की ती सगळीकडे अडत असे. सिद्धारामच्या झोपडीसमोर मात्र वीतभर आत गेली. सिद्धाराम रोलर चालवी आणि राखणीसाठी बांधावरच राही. "याने एवढा तुकडा रोलर न फिरवता सोडला," असे ठेकेदार म्हणत होता. बहात्तरच्या दुष्काळात सुरू झालेल्या त्या कामावर सिद्धाराम राहणार की नाही, हे बांधाच्या तपासणीला आलेल्या माझ्या अहवालावर ठरणार होते.

ठेकेदारावर माझा विश्वास नव्हता आणि सिद्धारामवरही नव्हता. पहाटे पाहावे तर नेमका तोच तुकडा ओला! भेगा लपवण्याचीच ही युक्ती असावी. दुपारी तिथे पांढरी पूड दिसे.

"इथे पाणी कोण टाकतं?" मी विचारले.

त्याची बायको काशम्मा बादली घेऊन बाहेर आली. "दारात सडा नको व्हय, सायेब? बांधावर ऱ्हातो म्हून काय भुताचं घर हाय आमचं?"

"रोज?"

"मग? तुमच्याकडं काय सणालाच घालत्यात?"

उत्तर इतके चोख होते की मला ते पढवलेले वाटले.

"बांधाची माती कुठली?"

"ह्या खड्ड्यातली की," सिद्धाराम म्हणाला. "ठेकेदारानंच दावला."

त्या खड्ड्यातल्या मातीच्या मी स्वतः ठोकून दोन विटा केल्या. एक कोरडी ठेवली. दुसरी काशम्माने रोज सकाळी भिजवायची, उन्हात वाळवायची. अदलाबदल होऊ नये म्हणून रात्री दोन्ही माझ्या कुलपात.

आठवड्याने सिद्धाराम कोरड्या विटेवर उभा राहिला. ती हलली नाही. दुसरीवर टाच ठेवताच भुगा झाला. माती खारवट होती. भिजली की मीठ विरघळे, वाळताना पृष्ठभागाशी येऊन मातीचे कण उसवी.

"बघ, तूच खाल्लीस की माझी नोकरी!" सिद्धाराम हसला.

"खाल्ली कुटं? सायेब लिवत्याल आता."

रोलरच्या दबाईत दोष नाही, असे मी लिहिले आणि थांबलो. तलावाचे पाणीही दर वर्षी चढणार, उतरणार होते. कामासाठी मंजूर झालेली माती दूरच्या खाणीतली होती; वाहतूक वाचवायला ठेकेदाराने जवळच्या खड्ड्यातली वापरली, आणि ते सिद्धारामला ठाऊक होते. ठेकेदाराला सिद्धाराम का नको होता, ते आता उमगले. बांधाची पाण्याकडची बाजू उकरून मंजूर मातीने पुन्हा भरावी, हेही मी लिहिले.

पुन्हा गेलो, तेव्हा काशम्मा दारात मांडलेल्या शहाबादी फरशीवर सडा घालत होती. मी फरशीच्या कडेला सळई टोचली.

"आता तरी इस्वास ठेवा की, सायेब!"

"तुमच्यावर आहे," मी म्हणालो आणि पुढची जागा टोचू लागलो.