कंदील डाव्या हाताला

"…ते डबरं बुजवायचं मंजूर झालंय म्हणं. टिपाड काढणार, आन तिथं गुरुजींच्या…"

एवढंच ऐकू आलं. नेमका मागून सरकीची पोती भरलेला ट्रॅक्टर आला आणि गोदामावर काम करणाऱ्या सितारामचं पुढचं बोलणं त्या फटफटीत बुडालं. ट्रॅक्टर गेला तोवर सिताराम आणि त्याचा सोबती गोदामाच्या कोपऱ्याला वळलेसुद्धा. मला पाय नाहीत. असते तर मागं लागून विचारलं असतं, गुरुजींच्या काय? पुरं तरी बोला की.

मी ते टिपाडच बोलतोय. ऑफिसच्या कागदावर माझं नाव 'डांबराचा रिकामा ड्रम, नग एक'. परभणीत जिंतूर रस्त्याला एक फाटा फुटतो, तो धान्य गोदामाच्या मागून नव्या वसाहतीत जातो. त्या फाट्याच्या अगदी मधोमध मी साडेआठ वर्षं उभा आहे. इतकी वर्षं एका जागी उभं राहिलं की दुसऱ्याच्या घरात डोकावायची सवय लागते. कुणाच्या पोरीला बघायला पाहुणे यायलेत, कुणाच्या सुनेनं चूल वेगळी मांडली, सगळं मला ठाऊक. लोक हातातली पिशवी माझ्यावर टेकवतात आणि पिशवीबरोबर मनातलंही थोडं टेकवून जातात.

माझा जन्म समुद्राकाठच्या कुठल्याशा कारखान्यातला. पोटात डांबर भरून घेऊन मालगाडीनं परभणीला आलो. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात या फाट्याचं काम निघालं. मुकादम बन्सीधरनं मला आडवं पाडलं, टोपण फोडलं आणि खाली लाकडं पेटवली. पोटातलं डांबर पातळ होऊन गेलं तेव्हा वाटलं, आता आपण भंगारात. माझी भावंडं गेलीही. कुणाचा पत्रा ठोकून दार झालं, कुणी न्हाणीत पाणी धरून बसलं. मी मात्र मागं राहिलो, आणि त्याला कारण ते डबरं.

फाट्याच्या तोंडाशी पावसाचं पाणी तुंबायचं, म्हणून तिथं सिमेंटचे नळे टाकून मोरी करायची होती. रहदारी बंद पडू नये म्हणून अर्धा रस्ता चालू ठेवायचा, अर्धा खोदायचा. त्याप्रमाणं वसाहतीकडं येताना उजव्या हाताचा अर्धा रस्ता पुरुषभर खोल खोदला. खोदून झाल्यावर कळलं, नळे आलेच नाहीत. बन्सीधरनं मला डबऱ्याच्या काठावर, रस्त्याच्या मध्यावर उभं केलं, पोटात दगड भरले, वरून चुना फासला आणि म्हणाला, "आठ दिवसाची गोष्ट हाय. लोकांला ध्यान असू द्या."

आठ दिवसांनी त्याचं काम दुसरीकडं लागलं. नळे काही आले नाहीत.

डबऱ्याला लागूनच, उजव्या अंगाला, दिनकरराव गुरुजींचं घर. गुरुजी झरीच्या शाळेवर होते. सकाळी एस.टी.नं जायचे, संध्याकाळी हमरस्त्यावर उतरायचे आणि चहाच्या टपरीवर ठेवलेली सायकल घेऊन घराकडं यायचे. अक्षर मोत्यासारखं. डबऱ्याबद्दल त्यांनी ऑफिसला तीन अर्ज केले. तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं की आपला अर्ज मिळाला.

त्यांच्या बायकोनं, कमलबाईंनी, अर्ज केला नाही. त्यांनी कंदील लावला. दिवेलागणीला आधी घरात देवापाशी दिवा लावायचा, मग पदर खोचून रस्त्यावर यायचं आणि माझ्या डोक्यावर कंदील ठेवायचा. रस्त्याला खांब होता, पण त्यावरचा बल्ब महिन्यातून चार दिवस लागायचा. हळूहळू सगळ्या वसाहतीच्या अंगवळणी पडलं: कंदील उजव्या हाताला ठेवून जायचं. अंधारात रस्ता कुणी बघतच नसे. कंदील बघायचा आणि हँडल वळवायचं.

गुरुजी रोज माझ्यापाशी उतरत, कंदिलाची वात जरा खाली करत आणि घराकडं बघून म्हणत, "काच काळी व्हायलीय हो. रॉकेल काय फुकट येतंय?" आतून उत्तर यायचं, "तुमच्या अर्जापेक्षा स्वस्त पडतंय." हे त्यांचं रोजचं होतं. मला ते ऐकल्याशिवाय दिवस पुरा झाल्यासारखा वाटत नसे.

मग शहाऐंशीचा वैशाख उजाडला.

समोरच्या घरात मोंढ्यातले, म्हणजे धान्याच्या बाजारातले, व्यंकटराव राहत. त्यांच्या हेमाचं लग्न, गोरज मुहूर्त. मंगलाष्टका गुरुजींनी म्हणायच्या हे हेमा फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून ठरलेलं. नळाला पाणी पाच दिवसाआड. सकाळी टँकर आला आणि पाणी साठवायला भांडी कमी पडली. व्यंकटराव घाईघाईनं कमलबाईंच्या दारात आले. टिपाड सरकारी होतं, पण विचारायचं ते कमलबाईंना. कंदील लावून लावून ते त्यांचंच झालं होतं.

"वहिनी, एक दिवस टिपाड न्यू का? भांडी घासायला, हात धुवायला पाणी धरायचंय."

"न्या की. लग्न काय एकट्या तुमच्या घरचं हाय? पर त्या जागी काही तरी ठेवा बरं."

गुरुजी तेव्हा झरीला गेलेले. शाळेच्या परीक्षा चालू होत्या. व्यंकटरावांनी सितारामला हाताशी घेऊन माझ्या पोटातले दगड काढले, मला घरंगळत नेलं आणि माझ्या जागी बाभळीची मोठी काटी, काटेरी फांदीच, ओढून टाकली. शेताच्या वाटेवर गुरं येऊ नयेत म्हणून टाकतात तशी. आपल्याकडं काटी दिसली की माणूस थांबतो. त्यांना ते पुरेसं वाटलं.

मी मंडपामागं उभा राहिलो. माझ्या पोटात आजवर डांबर, जाळ आणि दगड याशिवाय काही पडलं नव्हतं. त्या दिवशी गार पाणी पडलं. खरं सांगतो, मला आनंद झाला. बायका हसत येत, तांब्या बुडवत, बांगड्या माझ्या काठाला लागत. दिवसभर मला त्या डबऱ्याची आठवणसुद्धा झाली नाही. आजही ते आठवलं की आतून गंज चढतो.

दुपारनंतर वऱ्हाडाची बस आली. वळवायला जागा पुरेना म्हणून ड्रायव्हरनं उतरून काटी बाजूला ओढली. परत ठेवायचं राहिलं.

दिवेलागणीला कमलबाई हेमाला मुंडावळ्या बांधत होत्या. तेवढ्यातही त्यांना कंदिलाची आठवण झाली. नवं लुगडं सांभाळत त्या घरी गेल्या, कंदील पेटवला. पण ठेवायचा कशावर? टिपाड नाही. खाली ठेवला तर वऱ्हाडाच्या पायाखाली जाईल. म्हणून त्यांनी तो आपल्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवला, उंचावर. वात मोठी केली. तिथून उजेड जास्त लांब पडेल असं त्यांना वाटलं, आणि त्या पळत मंडपात आल्या.

गुरुजींची एस.टी. त्या दिवशी उशिरा आली. मुहूर्त टळत चाललेला. समोरून मंडपाच्या दिव्यांची तिरीप डोळ्यांत, वऱ्हाडाच्या पायांची धूळ हवेत. त्यांनी रोजच्यासारखा कंदील बघितला आणि तो उजव्या हाताला धरून सायकल दामटली.

कंदील भिंतीवर होता. त्याच्या डावीकडं डबरं होतं.

मंडपात अक्षता वाटून झाल्या होत्या. "गुरुजी येऊ द्या, मग सुरू करा," असं व्यंकटराव दोनदा म्हणाले. मुहूर्त टळायला लागला तेव्हा भटजींनीच मंगलाष्टका म्हटल्या. शेवटचं 'सावधान' झालं आणि बाहेरून सिताराम धावत आला. सायकलीचं चाक डबऱ्यात अजून फिरत होतं, असं तो पुढं कितीतरी दिवस माझ्यापाशी उभा राहून सांगायचा. डोकं तळाच्या दगडावर आपटलं होतं. वऱ्हाडाच्या त्याच बसमधून त्यांना नेलं. दवाखाना यायच्या आत सगळं संपलं.

दुसऱ्या दिवशी व्यंकटरावांनी मला परत आणलं. एकेक दगड दोन्ही हातांनी उचलून माझ्या पोटात ठेवला. टाकला नाही, ठेवला. साहेब लोक आले, टेप धरली, कागद लिहिले. माझ्या अंगावर लाल पट्टा ओढून 'सावकाश' असं लिहून गेले.

कमलबाईंना कुणी तोंडावर काही बोललं नाही. पण गल्लीतल्या पार्वतीबाई माझ्यावर कोपर टेकवून शेजारणीला म्हणाल्या, "टिपाड कुणीबी नेलं असंल बाई, पर कंदील कुणी हलवला?" त्या वेळी कमलबाई कुंपणाच्या आत होत्या. भिंत कमरेएवढीच आहे.

तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी दिवेलागणीला त्या बाहेर आल्या. कंदील माझ्या डोक्यावर ठेवला, दोन्ही हातांनी धरून बघितला, हलत तर नाही ना. तेव्हापासून एक संध्याकाळ चुकली नाही. वात मात्र कुणी खाली केली नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या त्या. गुरुजींच्या तिसऱ्या अर्जाची नक्कल समोर धरून दरवर्षी दिवाळीनंतर तसाच अर्ज लिहीत आणि पोस्टात टाकत. व्यंकटरावांच्या घरात त्यांनी पाऊल ठेवलं नाही. तेही त्यांच्या दारावरून खाली मान घालून जात. हेमा माहेरी आली की गोदामाच्या पलीकडून, लांबच्या वाटेनं यायची.

मधली वर्षं गेली. नामांतराच्या चळवळीचे दिवस. माझ्या चुन्यावर कुणी निळ्या रंगात 'झालेच पाहिजे' लिहून जाई, कुणी त्यावर डांबर फासून दुसरं लिही. दिवाळीला कमलबाई कुणाचंही न वाचता सगळ्यावर चुना मारीत, फक्त 'सावकाश' तेवढं राखून ठेवीत.

आणि आता या डिसेंबरात सितारामचं ते अर्धं बोलणं.

संध्याकाळपर्यंत पार्वतीबाईंनी ते पुरं करून टाकलं. टिपाड काढणार आणि तिथं गुरुजींच्या नावाचा दगड बसवणार, साहेब येऊन नारळ फोडणार. कमलबाईंपर्यंत ते गेलंच. दुसऱ्या दिवशी उन्हात त्यांनी गुरुजींचा फोटो पुसायला बाहेर काढलेला मी पाहिला. मला वाटलं, बरं झालं. मी भंगारात गेलो तरी चालेल, त्या माणसाचं नाव इथं राहील. आणि या बाईच्या संध्याकाळी मोकळ्या होतील.

जानेवारीत खरंच गाडी आली, नळे घेऊन. मुकादम बन्सीधरच. दाढी पांढरी झालेली. त्यानं मला ओळखलं, पाठीवर थाप मारली. उजव्या अंगाच्या डबऱ्यात नळे बसले, मुरूम पडला, धुम्मसानं ठोकून घट्ट झाला. कमलबाई कुंपणाला धरून सगळं बघत होत्या. ज्या जागी गुरुजी पडले ती जागा सपाट झाली तेव्हा त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि मजुरांना चहा करायला आत गेल्या.

मग उरलेला अर्धा रस्ता, डाव्या हाताचा, खोदायला घेतला. पुरुषभर खोल गेला. आणि नळे संपले.

बन्सीधरनं गाडीत चढून दोनदा बघितलं. मग त्यानं मला हलवलं, चार हात पलीकडं नव्या डबऱ्याच्या काठावर आणलं, दगड भरले. चहाचा कप घेऊन आलेल्या कमलबाईंकडं त्याला बघवेना.

"बाई, आठ दिवसात…" म्हणून तो थांबला.

नावाचा दगड नव्हता, नारळही नव्हता. डबरं बुजवलं ही गोष्ट खरी होती. टिपाड काढलं हीही खरी होती.

कमलबाई माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. सगळं रडणं राहूनच गेलं असावं, कारण त्यांच्या लक्षात दुसरीच गोष्ट आली होती. साडेआठ वर्षं वसाहतीनं कंदील उजव्या हाताला धरला होता. आज तसाच धरला, तर माणूस सरळ डबऱ्यात.

ती संक्रांतीची वेळ. विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला तोच आठवडा. बायका दारोदार हळदीकुंकवाचं बोलावणं करत फिरत होत्या. ते बोलावणं कमलबाईंना गुरुजी गेल्यापासून आलं नव्हतं. त्या दिवशी त्या स्वतःच निघाल्या. हातात करंडा नाही, काही नाही. प्रत्येक दारात उभं राहून एकच सांगायचं, "आजपासून कंदील डाव्या हाताला ठेवून यायचं बरं का. मालकांला सांगा, लेकरांला सांगा."

शेवटी व्यंकटरावांचं घर राहिलं. तिथं काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी नर्मदाबाईंकडून, म्हणजे व्यंकटरावांच्या बायकोकडून कळलं. माझ्यावर हात टेकवून त्या पार्वतीबाईंना सांगत होत्या. कमलबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. संक्रांतीला आलेली हेमा आतून आली आणि भिंतीला टेकून तशीच राहिली. कमलबाईंनी निरोप सांगितला. व्यंकटराव उठून उभे राहिले.

"वहिनी, टिपाड म्या नेलं होतं."

"टिपाड तुमी नेलं, कंदील म्या हलवला," कमलबाई म्हणाल्या. "आता डबरं डावीकडं हाय, भाऊजी. मोंढ्यातून येताना ध्यान ठेवा."

आणि पुढच्या दाराला जायचं असल्यासारख्या त्या वळल्या. पुढं दार नव्हतं.

आज पंधरावा दिवस. दिवेलागणीला त्या कंदील ठेवतात, पण ठेवून घरात जात नाहीत. माझ्यापाशी उभ्या राहतात. सायकल आली की म्हणतात, "डाव्या हाताला, भाऊ." स्कूटर आली की जरा मोठ्यानं. लोकांच्या हाताची जुनी सवय सुटायला वेळ लागणार. त्यांचा आवाज बसला आहे. परवापासून फाट्याच्या तोंडाशी, हमरस्त्याकडं, आणखी एक माणूस उभा असतो. येणाऱ्याला आधीच सांगून ठेवतो. अंधारात चेहरा दिसत नाही, पण मोंढ्यातल्या माणसाचा आवाज लपत नाही.

माझं मागणं फार नाही. तुमच्या गावात, तुमच्या रस्त्यावर माझ्यासारखं एखादं टिपाड उभं असेल, तर लग्न असो की बारसं, त्याला एका दिवसासाठीसुद्धा नेऊ नका. न्यावंच लागलं, तर दिवा दुसऱ्या जागी लावू नका. अंधाराला माणूस भिऊन चालतो, दिव्यावर तो विसंबून असतो.

काल सिताराम पुन्हा इथून गेला. बाकीचे नळे निघालेत म्हणे, होळीच्या आत… पुढचं मी ऐकलं नाही. कमलबाईंनीही ऐकलं नाही. त्या कंदिलाची काच पुसत होत्या.