पिवळं जॅकेट

पाणी कुठंतरी मुरतंय, हे मी फोटो बघताक्षणीच ओळखलं.

आमची मनाली नॉर्वेला शिकते. शनिवारी तिचा फोटो आला. मागे हिमनदी, बाजूला रेनडिअरचा कळप, आणि मध्ये ही दात काढून उभी. खाली लिहिलेलं, ‘डे ट्रिप, बाबा! गाईड एकदम भारी!’

तिची आई कलावती फोटो दाखवायला फोन घेऊन शेजारच्या ब्रिजेटकडे निघालीच होती. मी तिला अडवलं.

“अगं, आधी नीट बघ. लागोपाठ तिसरा शनिवार, आणि तीच हिमनदी. एवढं काय आहे तिथं?”

“तुमचं आपलं काहीतरीच! पोटच्या पोरीवर संशय?”

घेणारच. फोटो मोठा केला. मागे सहलीला आलेले सगळे प्रवासी लाल जॅकेटात. गाईड पिवळ्या. आणि आमची बाई? पिवळ्या! दोन्ही हात पाठीमागे, आणि तिथून डोकावणारे ओले बूट. एक नाही, तीन जोड. कॉलेज सोडलं की काय हिनं?

ते हसू तर मला तोंडपाठ आहे. मस्कतला रुवीच्या गॅरेजात मेकॅनिक होतो तेव्हा अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, लँडक्रूझरला टेकून मी अस्साच हसायचो आणि फोटो गावी आईला पाठवायचो. आम्ही सगळेच पाठवायचो. गाडी कोणाची, ते कोणी लिहायचं नाही.

मी फोन लावला. “मनू, बूट कोणाचे?”

तिकडच्या वाऱ्यात ती ओरडूनच बोलली.

“टूरिस्ट लोकांचे. मी हेल्पर आहे, बाबा. बूट देते, सूप देते. ओन्ली वीकेंडला. कॉलेज चालू आहे, आय प्रॉमिस.”

“मग खोटं कशाला बोललीस? आम्ही काय खाल्लं असतं तुला?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.” मग हळूच म्हणाली, “तुमचा रुवीतला कारवाला लास्ट फोटो मीच काढलेला. सात वर्षांची होते. तुम्ही पाना पाठीमागे धरला. म्हणालात, आजीला दिसायला नको.”

आईनं तो फोटो शेवटपर्यंत उशाशी ठेवला होता. गाडी माझीच, असं समजून गेली बिचारी. लाज वाटली मला.

“मनू,” मी म्हटलं, “दुसरा फोटो काढून पाठव. बूट पुढे धर. तो घेऊन ब्रिजेटकडे जायला तुझी आई थांबलीय.”