काट्यावरची चिठ्ठी

“पट्टा लाव म्हणते ना तुला!” पायलटबाईंनी नणंदेला तिसऱ्यांदा दटावलं. “टिंग टिंग करून डोकं उठवलंय गाडीने.”

“लावलाय गं वहिनी. एक डोळा झाकलाय, हात नाही झाकले माझे.”

नणंदेचं काल मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि आज अकराला पट्टी उघडायची होती. ‘टॅक्सीने जा’ असं मुलाने सकाळपासून दोनदा बजावलं होतं. पायलटबाईंनी दोन्ही वेळा कानाडोळा केला. सत्तावीस वर्षं त्यांनी रुग्णालयाची अ‍ॅम्ब्युलन्स चालवलेली. अ‍ॅम्ब्युलन्सच्या चालकाला पायलट म्हणतात, त्यामुळे तिथे त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. अशा बाईने टॅक्सीत मागे बसून दुसऱ्याचे ब्रेक सोसायचे म्हणजे शिक्षाच की!

मुलाची काळजी खोटी नव्हती. होळीपासून त्यांचा गुडघा आखडायचा, आणि गेल्या महिन्यात फाटकाला घासून गाडीचा रंग गेला होता. त्या दिवशी घरात मोठी वादावादी झाली. “पुन्हा एकदा जरी रस्त्यात अडकलीस, आई, तरी किल्ली माझ्याकडे,” मुलगा म्हणाला. “दिली!” त्यांनी रागाच्या भरात म्हणून टाकलं. रागाने दिलेला शब्दही शब्दच, हे त्यांना रात्री झोपताना जाणवलं. तोवर उशीर झाला होता.

पुलाच्या अलीकडे चढ लागला आणि पायलटबाईंनी कान टवकारले. ही हायब्रिड गाडी सपाटीवर मांजराच्या पावलांनी जाते, पण चढ आला की इंजिन गुरगुरायलाच हवं. आज ती मुकाट्याने चढत होती, नुसत्या बॅटरीवर.

त्यांनी डावा हात पुढे करून पेट्रोलच्या काट्यावर चिकटवलेली चिठ्ठी खालून वर उचलली. काटा पार तळाला टेकला होता आणि त्याच्या बाजूचा दिवा पिवळाजर्द पेटला होता. टिंग टिंग पट्ट्याची नव्हतीच.

ती चिठ्ठी म्हणजे त्यांच्या नवऱ्याची सवय. तो त्याच अ‍ॅम्ब्युलन्सवर मदतनीस होता. तिचा पेट्रोलचा काटा जन्मापासून मेलेला, म्हणून त्याने त्यावरच कागद चिकटवला. टाकी भरली की किलोमीटर लिहायचे, प्रत्येक फेरीनंतर आकडा टाकायचा आणि चारशे झाले की पंप गाठायचा. सत्तावीस वर्षांत एकदाही पेट्रोल संपलं नाही. तो गेल्यावर ही नवी गाडी आली. हिचा काटा चांगला धडधाकट होता, तरी पायलटबाईंनी कागद त्याच जागी चिकटवला. दुसरी जागा असते हे त्यांच्या मनातच आलं नाही.

त्यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली. बॅटरीची दोन घरं अजून शिल्लक होती.

“अगं, बॅटरी आहे ना?” नणंद म्हणाली. “जाऊ दे की पंपापर्यंत रखडत.”

“आणि मध्येच संपली तर? हिचं इंजिन त्याच बॅटरीने उठतं. ती बसली की टाकीत पेट्रोलचा समुद्र ओतलास तरी उठायची नाही. थोडं हातचं राखूनच थांबायचं असतं.”

गाडीसोबत आलेलं जाडजूड पुस्तक त्यांनी पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. डिकीतून कॅन काढला, किल्ली पर्समध्ये टाकली, नणंदेला खिडकी उघडी ठेवून सावलीत बसवलं आणि त्या चालू लागल्या. पंप दीड किलोमीटरवर होता. जाताना गुडघ्याने ऐकलं. परतताना प्रत्येक पावलाला शिव्या दिल्या.

येऊन पाहतात तर मुलगा ऑफिसच्या कपड्यांत गाडीपाशी उभा. त्याला सोडून टॅक्सी नुकतीच वळत होती.

“मीच फोन केला,” नणंद आतून पुटपुटली. “मला वाटलं, तू पडलीबिडलीस...”

“वाटलं ना? मग झालं,” पायलटबाई म्हणाल्या. तिच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता.

“आई, किल्ली दे,” मुलाने हात पुढे केला. “बॅटरीवर गेली असती पंपापर्यंत. उगाच उन्हातान्हात कॅन घेऊन वणवण! हायब्रिड कशासाठी घेतली आपण?”

“पुस्तक वाचलंस?”

“कसलं पुस्तक?”

पायलटबाईंनी कॅन उचलला. त्यांनी टाकीचं झाकण उघडून थेंब न सांडता कॅन रिकामा केला. मग आत बसल्या, बटण दाबलं. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. दुसऱ्यांदा तेच. मुलाने तोंड उघडलं, त्यांनी त्याच्याकडे न बघताच बोट वर केलं. तिसऱ्यांदा इंजिन गुरगुरलं आणि गुरगुरतच राहिलं.

“ते ठीक आहे,” मुलगा म्हणाला. “पण अडकलीसच ना? आपलं ठरलं होतं.”

“काल गाडी कुणी नेली होती?”

“मी. साहेबांना सोडायला. जाऊन येऊन एकशे चाळीस झाले असतील.”

“इथे लिहिलेस?” त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं.

“समोर काटा असताना कागदावर कोण लिहितं, आई?”

पोराचं म्हणणं बिनतोड होतं. त्यांच्या वर्मी लागलं.

“खरं आहे,” त्या म्हणाल्या. “काटा झाकून गाडी हाकली, ती चूक माझी. तुझ्या माथी मारत नाही. त्याबद्दल हवं तेवढं बोल, ऐकून घेईन. पण किल्ली मिळणार नाही.”

“शब्द दिला होतास!”

“दिला होता. मोडतेय. उभ्या जन्मात पहिल्यांदा मोडतेय, नीट बघून घे. गुडघा सांगेल त्या दिवशी मी आपण होऊन किल्ली आणून देईन. तू हात पुढे केलास म्हणून नाही.”

मुलगा आत्याकडे वळला. “आत्या, तू तरी सांग हिला.”

“मी मागे बसते बाई,” नणंद दार उघडत म्हणाली. “पुढे बसलं की पट्ट्यावरून बोलणी खावी लागतात. चल वहिनी, अकराला दहा कमी आहेत.”

पायलटबाईंनी चिठ्ठीचं टोक नखाने सोडवलं. कागद वरच्या कडेने काचेला घट्ट बसला होता, तरी त्यांनी तो फाटू न देता हळूहळू सोलला. काचेवर चिकटपणाचा आडवा डाग राहिला. तो त्यांनी अंगठ्याने पुसला, पण गेला नाही. मग चिठ्ठी त्यांनी डावीकडे, पुढच्या दुसऱ्या सीटसमोर चिकटवली. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये त्यांचा नवरा त्या बाजूला बसायचा.

“बस,” त्यांनी मुलाला सांगितलं. “आधी पंपावर टाकी भरू, मग दवाखाना. आणि ही पेन्सिल घे. कालचे एकशे चाळीस लिही.”

त्याने पेन्सिल घेतली. मग बसला, पट्टा लावला आणि पुढे वाकून लिहू लागला. त्याचं शून्य वरून उघडं राहिलं, अगदी त्याच्या वडिलांसारखं.

पायलटबाईंनी ते पाहिलं. आरशात मागचा रस्ता बघून घेतला आणि गाडी चढाला घातली.