भुरीने निवडलेला धागा

तन्मणीचा अर्धा गोंडा भुरीच्या पोटात गेलेला दिसताच माझ्या मुलाने पोत्याचे तोंड उघडले.

"नदीपलीकडे सोडून येतो," यज्ञेश्वर म्हणाला. "पटवेकऱ्याच्या घरात रेशीम खाणारे मांजर! पेठ हसेल आपल्याला."

"हसू दे. पोते खाली ठेव."

कसब्यात आमचे काम मोती ओवण्याचे आणि दागिन्यांना रेशमी गोफ-गोंडे करण्याचे. यजमान गेल्यापासून बैठकीवर माझा शब्द चालतो आणि तो मला दोनदा उच्चारावा लागत नाही. भुरी मात्र सुनेची. श्यामला सासवडहून लग्न होऊन आली, तेव्हा फळांच्या पाटीत बसून हे पिल्लूही आले. सुनेला आई नाही. माहेरचे म्हणावे असे तिच्यापाशी एवढेच. ती दाराशी उभी होती. रडत नव्हती, पण पदर मुठीत गच्च धरला होता.

भुरीच्या तोंडातून लाल धागा लोंबत होता. यज्ञेश्वराने तो पकडला.

"हात काढ! ओढलास तर आतडे कापेल तिचे. जसा गेला तसा जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी तो धागा चुलीमागच्या राखेत सापडला, तेव्हा कुठे सुनेने घास घेतला. यज्ञेश्वराने पुन्हा पोते उचलले.

"आई, आज धागा, उद्या मोती गिळेल. सरदारांच्या घरच्या लग्नाचे काम आहे. मग काय सांगायचे?"

"मांजर गेले की उंदीर येतील. त्यांना काय सांगणार आहेस? मी पाहते."

मी दोन धागे कापून घेतले. एक यज्ञेश्वराच्या बैठकीवरचा, एक श्यामलेच्या. रंग एक, पीळ एक. दोन्ही भुरीपुढे ठेवले. सुनेचा धागा तिने हुंगला आणि ओलांडला. मुलाच्या धाग्यावर मात्र अशी तुटून पडली की मला तो तिच्या दातांतून सोडवून घ्यावा लागला. नाकाशी धरला. साजूक तूप!

ओवायचा धागा मेणावरून ओढायचा असतो. त्याला वेळ लागतो, बोटे दुखतात. तुपाने धागा तत्काळ गुळगुळीत होतो, आणि हळूहळू मोत्याचे पाणी मारतो.

"यज्ञेश्वरा, मेण कुठे आहे?"

"आहे की. कोनाड्यात."

"पाहिले मी. त्यावर कोळ्याने संसार थाटला आहे. त्यालाच बसव तुझ्या जागी. तो निदान स्वतःचा धागा चाटवत नाही कोणाला."

दाराशी सून हसली. मी पाहिले नाही असे दाखवले.

यज्ञेश्वर मान खाली घालून म्हणाला, "लग्नाची घाई होती, आई. काम लवकर उरकावे म्हणून..."

"घाई लग्नघरी असते. बैठकीवर मेण असते. पोते आण इकडे." सुनेचे हसू मावळले. "त्यात तुझे तूप लावलेले सगळे रेशीम भर आणि तेच नदीपलीकडे सोडून ये. आल्यावर रिठ्याने हात धू आणि तन्मणी पहिल्या मोत्यापासून ओवायला घे. सूनबाई, कापलेली टोके आजपासून झाकणाच्या डब्यात. कुंडीत दूर्वा लाव. चावायची हौस असेल तर तिने त्या चावाव्यात."

तन्मणी वेळेवर गेला. भुरीची खोड काही एकदम गेली नाही. परवाच तिने माझ्या जपमाळेचा गोंडा कुरतडला. त्याला मी स्वतः मेण लावले होते, तरीही! श्यामला माळ घेऊन समोर आली, चेहरा पांढराफटक.

"सासूबाई, आता?"

"आता माळेला दुसरा गोंडा कर," मी म्हटले. "आणि माळ ठेवायला खुंटी उंच ठोकून घे. मांजर कुठेही जाणार नाही."