चांगला पाय

घरात दोन मुली. मोठीला थोरली म्हणत आणि दुसरीला धाकटी म्हणायचं सोडून सगळे टोळ म्हणत, कारण ती उडायची. व्हॉलीबॉलच्या जाळीवर तिचा कोपरापर्यंतचा हात दिसला की पलीकडच्या मुलींच्या तोंडचं पाणी पळायचं. थोरलीही त्याच संघात, त्याच जागेवर खेळायची. खेळायची कसली, बाकावर बसायची. टोळ दमली तर हिला उतरवायचं असा बेत, आणि टोळ काही दमायची नाही. राखीव खेळाडूचा जन्मच वाईट. दुसऱ्याचं वाकडं झाल्याशिवाय त्याचं सरळ होत नाही. थोरलीने हे कधी बोलून दाखवलं नाही. तोंडाने ती "माझी टोळ, माझी टोळ" करत जीव ओवाळून टाकायची.

मोठ्या संघाची निवड पंधरवड्यावर आली, आणि सरावात टोळ उडी मारून उतरली ती नेमकी समोरच्या मुलीच्या बुटावर. उजवा घोटा आत मुडपला. बघता बघता बाहेरच्या बाजूला अंड्याएवढी सूज आली.

थोरलीनेच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई खेळाडूंच्याच हाडामांसाचं बघायच्या, बोलायला फटकळ पण हाताने हळुवार. त्यांनी घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मागून दाबून पाहिली, पायाची कड दाबली, मग खोलीत चालायला लावलं. टोळ लंगडली, पण चालली.

"हाड शाबूत आहे, फोटो नको," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बर्फ लाव, पट्टी बांध, पाय उशीवर ठेव. तेल चोळून घेतलंस तर माझ्याशी गाठ आहे. हाडांना बांधून ठेवणारा अस्थिबंध नुसता ताणलाय की फाटलाय, ते आज कळायचं नाही. एवढ्या सुजेत काय डोंबल कळणार? चार-पाच दिवसांनी ये."

संध्याकाळी प्रशिक्षकांचा थोरलीला फोन आला. "तिला सांग, घाई करू नकोस. निवड समितीशी बोललोय मी. ती नाही उतरली तरी तिची जागा राखून ठेवणार आहेत."

"सांगते, सर," थोरली म्हणाली. आतल्या खोलीत टोळ पाय वर करून पडली होती. थोरलीने तिच्या घोट्यावर बर्फ धरला, तिचे केस विंचरले, तिला जेवण भरवलं. फोनचं मात्र चकार शब्दाने सांगितलं नाही. थोरलीचं त्या संघाच्या वयोमर्यादेत बसण्याचं हे शेवटचं वर्ष होतं. टोळ घरी बसली तरी जागा टोळचीच, आणि खेळली तरी टोळचीच. मग आपण काय फक्त हिच्या पाण्याच्या बाटल्या भरायच्या? हा विचार तिला रात्रभर सोडेना, आणि खरं सांगायचं तर तिनेही त्याला सोडलं नाही.

ठरल्या दिवशी दोघी पुन्हा गेल्या. सूज उतरली होती. डॉक्टरबाईंनी एका हाताने नडगी धरली, दुसऱ्या हाताच्या पंजात टाच घेतली आणि हळूच पुढे ओढली. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"सैल लागतोय. पण काहींचे सांधे जन्मतःच सैल असतात. आता चांगला पाय दे बघू."

टोळने डावा पाय पुढे केला. डॉक्टरबाईंनी तोही तसाच ओढला. तोही तेवढाच सैल.

"या पायाला पूर्वी कधी काही झालं होतं?"

झालं होतं. वर्षापूर्वी हाच डावा घोटा टोळने जिन्यात मुडपून घेतला होता. आईला कळलं तर खेळ बंद होईल म्हणून दोघींनी ते लपवलं, थोरलीने जुन्या ओढणीने पाय आवळून बांधला आणि गरम पाण्याची पिशवी दिली. तो पाय कधी धड बरा झालाच नाही. जगात हे दोघींनाच ठाऊक होतं.

टोळने बहिणीकडे पाहिलं. खरं सांगितलं तर निवड हुकली, असं त्या वेडीला वाटत होतं. बोलायची तिची छाती होईना.

"छे हो," थोरली म्हणाली. "लहानपणापासून अशीच आहे ती. रबराची बाहुली."

"मग ठीक. दोन्ही सारखेच म्हणजे फाटलेलं नाही. आधाराचा पट्टा बांधून, दुखलं नाही तर खेळ."

जिन्यात टोळने तिच्या गळ्यात हात टाकले. "ताई, माझ्यासाठी खोटं बोललीस! तुझे उपकार कसे फेडू गं?"

"वेडी कुठली," थोरली म्हणाली आणि तिला हात धरून खाली उतरवलं.

निवडीच्या दिवशी टोळ तिसऱ्यांदा उडाली, ती अशी उडाली की समितीतले लोक खुर्चीत पुढे सरकले. उतरली, आणि पाय तिच्याखाली नव्हताच. बाकावरल्या थोरलीला काहीतरी तुटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. टोळ किंचाळायच्या आत ती उठून बुटाच्या नाड्या बांधू लागली होती. थोरली टोळच्या जागी उतरली, बरी खेळली, आणि तिची निवड झाली.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरबाई टोळच्या खाटेपाशी उभ्या राहिल्या. आज त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "अस्थिबंध तुटलेलेच होते. आता हाड आणि सांध्याची गादीही गेली. चालशील तू. उडी मात्र विसर." मग जरा थांबून म्हणाल्या, "मी डाव्या घोट्याचीही तपासणी करून घेतली. तो जुना फाटलेला आहे. मी ज्याला चांगला पाय समजत होते, तो चांगला नव्हताच. मला खोटं का सांगितलंत?"

त्यांनी थोरलीकडे पाहिलं.

"ताईला काही माहीत नव्हतं," उशीवरून टोळ घाईघाईने म्हणाली. "मी लपवलं होतं. सगळ्यांपासून. तिला बोलू नका."

कबूल करायला ही वेळ होती, आणि थोरलीला ते कळतही होतं. ती खाटेच्या कडेला बसली. तिने धाकट्या बहिणीचा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी आणायला तिला फार कष्ट पडले नाहीत.

"असं कसं गं केलंस, टोळ?" ती म्हणाली. "निदान मला तरी सांगायचंस."

टोळ तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने मान खाली घातली.

"चुकलं, ताई," ती म्हणाली.