खडखड ऐकणाऱ्या काकूंची वेबसाइट

मी एक जुनी वेबसाइट आहे. जुनी म्हणजे अगदी म्हातारी नव्हे, पण आमच्यात चार वर्षं उलटली की लोक नाक मुरडायला लागतात. मित्रांनो, मी राहते तुमच्या फोनमध्ये आणि माझं माहेर म्हणजे मागच्या गल्लीतलं एक शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. मी जरा तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. पण आज स्वारी खुशीत आहे, तेव्हा ऐकाच.

दुकान काकूंचं. त्या कुणाच्या सख्ख्या काकू नाहीत, पण अख्खी गल्ली त्यांना काकूच म्हणते. खोली एवढीशी. एका भिंतीला पट्टे टांगलेले, फळीवर खालचा दोरा गुंडाळायच्या बॉबिनचे डबे, आणि मधल्या टेबलाला मशीनच्या तेलाचा कायमचा वास. पूर्वी रस्त्यावरून जाणाऱ्याला काकूंची पाटी दिसायची. मग तिथे मोठा पूल झाला, रहदारी वरून जायला लागली आणि आमची गल्ली पुलाच्या पोटाखाली गडप झाली. गिऱ्हाईक येईनासं झालं. घरमालकानं खोलीसाठी दुसरा भाडेकरू बघून ठेवला. "वर्षअखेरपर्यंत बघते," काकू म्हणाल्या, "नाहीतर कुलूप लावते." एवढं बोलून त्या आपल्या मुलीकडे वळल्या. "पण घरी बसून मी काय भिंतींना तेल घालू?"

यावर उपाय काढला त्यांच्या जावयानं. जावईबापू पाण्याच्या पंपांच्या कंपनीत नोकरीला. स्वभावानं लाख माणूस, पण डोक्यात एखादं खूळ शिरलं की मग देवही वाचवू शकत नाही. सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला जन्माला घातलं. वर ठसठशीत नाव, खाली काकूंचा हसरा फोटो, फोन नंबर. काय दिसत होते म्हणून सांगू! माझीच मला दृष्ट लागली असती.

पण नुसतं दिसून काय होतं? लोक सर्च इंजिनमध्ये काहीतरी टाइप करतात, त्या शब्दांना म्हणतात कीवर्ड. सर्च इंजिनचा पाहुणा आधीच आमच्यासारख्यांच्या घरोघरी फिरून सगळं वाचून गेलेला असतो, आणि यादीत कुणाला पुढे बसवायचं, कुणाला मागे, हे तो ठरवतो. जावईबापूंनी कुठंतरी ऐकलं, की मजकुरात कीवर्ड दाट पाहिजे. शंभर शब्दांत तो किती वेळा आला, हे मोजून देणारं एक यंत्रही त्यांना सापडलं. झालं! यंत्रात हिरवा दिवा लागेपर्यंत गडी थांबेना.

माझ्या अंगावर काय लिहिलं होतं, ऐका. "शिलाई मशीन दुरुस्ती हवी आहे? आमच्या शिलाई मशीन दुरुस्ती दुकानात शिलाई मशीन दुरुस्ती करणाऱ्या काकू उत्तम शिलाई मशीन दुरुस्ती करतात. शिलाई मशीन दुरुस्तीसाठी आजच शिलाई मशीन दुरुस्तीला या." एवढ्यानं भागलं नाही, म्हणून तळाला पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत तेच पुन्हा, कुणाला दिसू नये असं. मला तर भर चौकात सगळे दागिने एकदम घालून उभं केल्यासारखं झालं. जावईबापू मात्र खूश. "आई, आता बघाच. रांग लागेल!"

रांग कसली, कुत्रंही फिरकलं नाही. पाहुणा आला, त्यानं वाचलं, पांढरी अक्षरंसुद्धा त्याला बरोब्बर दिसली, आणि त्यानं मला पार मागच्या बाकावर नेऊन बसवलं. चुकूनमाकून एखादं माणूस माझ्यापर्यंत पोचायचं, दोन ओळी वाचायचं आणि पळ काढायचं. मी इतकी खिन्न कधी झाले नव्हते. काकूंचा फोटो तेवढा हसत होता.

एके दिवशी मात्र फोन वाजला. काकूंनी लगबगीनं उचलला. पलीकडून एक बाई म्हणाल्या, "अहो, खरंच दुकान आहे का? की नुसती फसवाफसवी? हे वाचून माणसानं लिहिलंय असं वाटेना, म्हणून विचारलं."

काकूंनी फोन ठेवला आणि मटकन खुर्चीत बसल्या. "मला फसवी म्हणाली गं," त्या मुलीला म्हणाल्या. "असं काय लिहिलंय तिथं? वाच बघू."

मुलीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला तिचाच श्वास संपला. काकूंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता रडणार. पण छे! त्यांना असं काही हसू फुटलं की पोट धरून डोळे पुसायला लागल्या. "जावईबापू, अहो, हे दुकान आहे की भुतानं झपाटलंय?" जावईबापू कानापर्यंत लाल झाले, मग तेही हसत सुटले. त्या खोलीत कित्येक महिन्यांनी कुणी एवढं हसलं असेल. मला एकदम हलकं वाटलं.

हसू ओसरतंय तोच एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. काकूंची एक पद्धत आहे. त्या आधी मशीन बघत नाहीत, ऐकतात. "फोन मशीनच्या पोटाशी धरा," त्या म्हणाल्या. "आता चाक फिरवा. हळू, हळू. कुठे अडतंय? खडखड वरून येते की खालून? दोरा खाली गोळा होतोय ना? मग सुई उलटी तर बसली नाही ना, तेवढं काढून बघा."

जावईबापू टक लावून ऐकत होते. मग त्यांनी खुर्ची ओढली. "आई, हेच परत बोला. हळू बोला. मी लिहून घेतो."

त्या दुपारी माझा कायापालट झाला. पांढरी अक्षरं गेली. 'शिलाई मशीन दुरुस्ती' वर मथळ्यात राहिली आणि खाली जिथे लागली तिथे. बाकी सगळं काकूंच्या तोंडचं: सुई सारखी का तुटते, टाका का सुटतो, मशीन जड चालायला लागलं तर काय बघायचं, पुलाखालून दुकानात कसं यायचं. यंत्रातला हिरवा दिवा विझला आणि लाल लागला.

"अगं, आकडा पडला!" जावईबापू कळवळले.

"पडू दे हो," मुलगी म्हणाली. "माणसाला कळलं म्हणजे झालं."

मित्रांनो, लगेच चमत्कार झाला नाही. पाहुणा त्याच्या सवडीनं परत आला, त्यानं शांतपणे वाचलं आणि मला एकेक बाक पुढे सरकवलं. इकडे वर्ष संपत आलं. काकूंच्या सांगण्यावरून जावईबापूंनी एक ओळ लिहून ठेवली: 'दुकान कायमचे बंद झाले आहे.' एक बटण दाबलं की ती माझ्या कपाळावर आली असती.

आणि एका सकाळी एका नाटक मंडळीचे कपडे शिवणाऱ्या बाईंनी टाइप केलं, 'मशीन खडखड करतंय दोरा खाली गोळा होतोय'. सर्च इंजिननं माझं नाव पुढे केलं. बाईंचा फोन आला. आवाज रडवेला. "संध्याकाळी प्रयोग आहे हो!" काकूंनी चाक फिरवायला लावलं, कान दिला आणि म्हणाल्या, "बॉबिनची पेटी सैल झालीय. घेऊन या, उशीर करू नका." बाई टॅक्सीतून आल्या त्या मांडीवर मशीन घेऊनच, आणि त्यात राजाच्या झग्याची बाही तशीच अडकलेली! काकूंनी एकही टाका न उसवता बाही सोडवली, पेटी घट्ट केली, तेलाचे दोन थेंब सोडले. मशीन भुर्रकन पळायला लागलं आणि बाईंनी काकूंना मिठीच मारली. मला हात असते तर मीही मारली असती!

नंतर नाटकातल्या सगळ्या शिवणाऱ्या आल्या. मग मला वाचून आणखी अनोळखी माणसं आली, कुणाची सुई तुटलेली, कुणाचा टाका सुटलेला, कुणाचं मशीन जड झालेलं.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्या एखादीला जन्माला घालाल तर तिचे शब्द मोजत बसू नका. लागतो तो शब्द जरूर लिहा, पण ज्याचं मशीन बिघडलंय त्याला काय विचारायचंय ते आधी ऐका. आणि लिहून टाकलं, संपलं, असं करू नका. अधूनमधून आम्हाला वाचून बघा, जुनं काढा, नवं घाला. आम्हालाही माया लागते.

परवा जावईबापूंनी दारातूनच विचारलं, "आई, ती दुकान बंदची ओळ अजून तशीच आहे. तिचं काय करू?"

काकूंच्या दातांत सुई होती, टेबलावर दोन मशीनं उघडी पडलेली, बाकावर तीन गिऱ्हाइकं बसलेली. सुई हातात घेऊन त्या म्हणाल्या, "पुसून टाका हो. दुकान बंद करायला मला वेळ कुठाय?"