राख, काजळी आणि पांढरी माती

ज्या वर्षी काकासाहेबांनी आपली थोरली लेक साळूबाई उजवली, त्या वर्षी माझा जन्म झाला. तेव्हा आमच्या मुलखात निजामाचा अंमल होता आणि कागदोपत्री फसली सन चालत असे. ते साल होतं १३३७. इंग्रजी हिशेबाने १९२८. लग्नात नवरा-नवरीला बसायला कडूबा सुताराने सागाचे दोन पाट केले आणि उरलेल्या फळीतून मला केलं. मी लग्नाच्या उरल्यासुरल्या लाकडाची आहे, मित्रांनो. हे मी लाजून सांगत नाही. ते पाट कधीच मोडले. मी अजून आहे.

मी एक जुनी पेटी आहे. हातभर लांब, वीतभर रुंद. माझ्या पोटात बारा कप्पे आहेत आणि त्या कप्प्यांत रंगखडू राहत. पाटीवरचे खडू नव्हेत. चित्र काढायचे मऊ, सुके खडू, ज्यांना विलायती भाषेत पेस्टल म्हणतात.

मला करवून घेतलं काकासाहेबांच्या धाकट्या भावाने, बद्रीनाथ मास्तरांनी. ते जुन्या जालन्यात एका शाळेत चित्रकला शिकवत. विलायती खडू परवडत नसत, म्हणून मास्तर घरीच करत. भिंत सारवायची पांढरी माती वस्त्रगाळ करायची, तिच्यात गेरू, नीळ किंवा हळद मिसळायची, बाभळीच्या डिंकाचं पातळ पाणी घालून मळायचं आणि पाटावर वळून सावलीत वाळवायचं. डिंक जास्त झाला की खडू कागद ओरबाडतो. कमी झाला की बोटातच भुगा होतो. मास्तरांचा डिंक नेहमी जास्त व्हायचा. त्यांच्या बायकोचा कधी चुकला नाही.

तिचं नाव गोजरबाई. तिला मी एकेरीत म्हणते, कारण ती माझी होती.

मास्तर रविवारी गावाबाहेर जाऊन माळाची चित्रं काढत. कागद कापडाच्या दुकानातला, गाठोडी बांधायचा, जाड आणि बदामी. गोजरबाई शेजारी बसून खडू पुरवायची. एकदा मास्तरांना लांबचा डोंगर जमेना. तो जवळच येऊन बसे. गोजरबाईने काही न विचारता कागदावर पांढऱ्या खडूची आडवी कड फिरवली आणि करंगळीने हलकेच पुसली. डोंगर दोन कोस मागे सरकला.

मास्तर म्हणाले, "तू डोंगर काढलाच न्हाई. मधली हवा काढली."

"डोंगर हाय की तिथं," ती म्हणाली. "त्याला कशाला हात लावायचा?"

त्या दिवसापासून खडू मास्तर पुरवू लागले.

चार वर्षं अशी गेली. मग जालन्यात तापाची साथ आली आणि मास्तर पाच दिवसांत गेले. मूलबाळ नव्हतं. काकासाहेब बैलगाडी घेऊन आले आणि गोजरबाईला गावी घेऊन गेले. कुंभार पिंपळगावापासून दीड कोसावर, गोदावरीच्या अंगाला त्यांचं गाव. गोदावरीला तिकडे सगळे गंगाच म्हणतात. गोजरबाईच्या मांडीवर एक लुगडं होतं आणि मी होते.

काकासाहेब वाईट माणूस नव्हते. भावजयीला त्यांनी उपाशी ठेवलं नाही, टाकून बोलले नाहीत. पण तेव्हाची रीत अशी की विधवेने कुंकू लावायचं नाही, हिरवा चुडा भरायचा नाही. काकासाहेबांनी ती रीत ओढून माझ्यापर्यंत आणली. थोरल्या दिराशी बाईने तोंड वर करून बोलायचं नाही, अशीही रीत होती. म्हणून काकासाहेबांच्या बायकोला, तुळजाबाईंना मध्ये उभं केलं. तिघंही एकाच ओसरीवर, हाताच्या अंतरावर.

काकासाहेब भिंतीकडे बघून म्हणाले, "तिला सांगा, मास्तर गेला तवाच रंग गेले. जे कपाळाला चालत न्हाई, ते हाताला कसं चालंल?"

तुळजाबाई वळल्या. "ते म्हणतेत—"

"ऐकलं मी," गोजरबाई म्हणाली. "जाऊबाई, भाऊजींना इचारा, राख चालंल का?"

"ती म्हणती, राख चालंल का?"

"राखंला कोण न्हाई म्हणतंय."

"आन् काजळी? आन् भिताडाची पांढरी माती?"

"घे म्हणावं. त्यात कुठं रंग हाय?"

काकासाहेबांची चूक झाली ती इथे. त्यांना वाटलं, रंग काढून घेतले की चित्र संपलं. त्यांनी माझ्यातून नऊ खडू उचलले, फडक्यात बांधले आणि आपल्या लाकडी संदुकीत कुलपात ठेवले. माझ्याकडे उरले तीन. राखेचा करडा, काजळीचा काळा आणि मातीचा पांढरा.

मित्रांनो, पेटीचे बारापैकी नऊ कप्पे रिकामे झाले की तिला कुणी पेटी म्हणत नाही. तुळजाबाईंनी माझ्यात मेथ्या ठेवायचं ठरवलं होतं. पण गोजरबाईने तीन खडूंत काय निघतं, ते दोन हिवाळे शोधलं आणि तिला धुई सापडली.

धुई म्हणजे हिवाळ्यातलं धुकं. पौषात पहाटे ते गंगेवरून उठतं आणि शिवारभर पसरतं. धुईत रंग नसतोच. झाड म्हणजे करडी सावली. बैल म्हणजे तिच्याहून जरा गडद सावली. बाकी सगळी हवा. गोजरबाई पांढऱ्या खडूने कागद झाकायची, तळव्याने पुसायची, पुन्हा झाकायची. मधेच कागदाचा बदामी रंग तसाच ठेवायची आणि तिथे ऊन येऊ घातल्यासारखं वाटायचं. तिची धुई बघताना माणसं नकळत पदर, उपरणं गळ्याशी घ्यायची. खुद्द तुळजाबाईंनीच एक चित्र मागून घेतलं आणि ओसरीच्या भिंतीला लावलं. बाभळीची रांग, तिच्यामागे काहीच नाही. "गार वाटतं बघ," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे फार होतं.

पण शेतकऱ्याला धुई म्हणजे वैरीण. ती पडली की हरभऱ्याचं फूल गळतं आणि ज्वारीवर चिकटा येतो. त्या पौषात धुई लागून आठ दिवस पडली. शिवार चिकट झालं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की काकासाहेबांच्या ओसरीवर धुई टांगलेली आहे. लोक येऊन बघून जाऊ लागले. कुणी म्हणालं, ज्याचं चित्र घरात, ते दारात. कुणी म्हणालं, विधवेच्या हातची हाय, मंग काय.

नवव्या दिवशी काकासाहेब शेतातून आले. त्यांच्या मुठीत हरभऱ्याची गळालेली फुलं होती. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि भिंतीवरचं चित्र एका हाताने पुसून टाकलं. आमच्या चित्रांना पाणी लागत नाही, मित्रांनो. फडकं पुरतं. बाभळीची रांग उपरण्यात गेली. मग ते म्हणाले, "तिला सांगा, ती पेटी गंगेत टाकून ये म्हणावं."

तुळजाबाईंनी या वेळी निरोप दिला नाही. त्या चुलीशी जाऊन बसल्या.

गोजरबाईने मला उचललं. सगळ्यांना वाटलं, निघाली नदीला. मलाही वाटलं. बाहेर धुई इतकी दाट होती की तिचे पाय मला दिसत नव्हते. पण ती उताराला लागली नाही. ती मारुतीच्या पारावर गेली. तिथे गावातले सगळे बाप्ये बसले होते. तिच्यामागोमाग काकासाहेबही आले. तिने मला पारावर ठेवलं, पदर सावरला आणि सरळ दिराकडे बघितलं. असं तिने त्या गावात कधीच केलं नव्हतं.

"भाऊजी, माझ्या चित्रानं धुई आली, बराबर?"

काकासाहेब बाजूला बसलेल्या रखमाजी धनगराकडे बघून म्हणाले, "रखमाजी, तिला म्हणावं घरी जा."

"रखमाजी मामांना मधी घेऊ नगा. मी तुम्हाला इचारून राह्यले."

सगळा पार काकासाहेबांकडे वळला. त्यांना बोलावं लागलं. "आली. समद्या गावानं पाह्यलं."

"मंग माझ्या हातानं धुई येती, तर ऊन बी येईल. मला ऊन काढू द्या. पण राखंनं ऊन निघत न्हाई. पिवळा पाह्यजे, निळा पाह्यजे, गेरू पाह्यजे. माझे नऊ खडू द्या." ती जरा थांबली. "आन् माझ्या हातानं काईच येत नसंल, तर मंग ही पेटी गंगेत कशापायी टाकायची? दोन्हीतलं कोन्तं खरं, ते सांगा. मी थांबते हितं."

रखमाजी हसायला लागले. त्यांना दात तीनच होते, त्यामुळे ते हसणं लांबलं. "काकासाहेब, बाईनं बरं कोंडलं तुम्हाला. चाळीस वर्षं मेंढरांना वाघुरीची जाळी लावून राह्यलो, पन माझं मेंढरू बी जाळीत असं सापडलं न्हाई."

"तुझं मेंढरू बोलत न्हाई," काकासाहेब म्हणाले.

"म्हणूनच सापडत न्हाई."

पार हसला. काकासाहेब मात्र हसले नाहीत. पण त्यांनी कमरेची किल्ली काढली, घरी जाऊन फडकं आणलं आणि नऊ खडू स्वतःच्या हाताने माझ्यात ठेवले. चुकीच्या कप्प्यांत ठेवले. गोजरबाईने ते तिथेच, सगळ्यांच्या समोर, जागच्या जागी लावले.

तिने ऊन काढलं. धुई विरल्यावरचं शिवार, पिवळं आणि ओलं, वर निळीचं आभाळ. दोन वर्षांनी निळा हातात आला होता. पहिली रेघ तिने इतक्या जोरात ओढली की खडू मोडला.

धुई मात्र आणखी चार दिवस राहिली आणि पाचव्या दिवशी गेली. तेवढं पुरलं. बायका नारळ आणि हळदकुंकू घेऊन त्या चित्राला वाहायला आल्या. आता ती धुई पळवणारी बाई झाली होती. हो म्हटलं असतं, तर जन्मभर मान मिळाला असता.

गोजरबाई दारात आडवी उभी राहिली. "चित्राला बोट लावायचं न्हाई. धुई आपली आपण आली आन् आपली आपण गेली. नारळ ठेवला तर मी चटणी वाटीन."

एकीने ठेवलाच. तिने चटणी वाटली.

खडू तिने परत दिले नाहीत आणि काकासाहेबांनी मागितले नाहीत. पुढच्या पौषात ते दारात येऊन उभे राहिले. आता ते तिच्याशी सरळ बोलत. "धाकले, यंदा बी ते उन्हाचं काढून ठेव. असलेलं बरं."

"न्हाई, भाऊजी," ती म्हणाली. "यंदा मला धुई काढायची हाय. आता माझ्याकडं निळा हाय. धुईत निळा किती असतो, ते मला कळलंच नव्हतं."

काकासाहेब शेतावर गेले. हरभरा त्या वर्षी चांगला आला, पण त्याचा आमच्याशी काही संबंध नव्हता.

पुढची तेरा वर्षं ती चित्रं काढत राहिली. चाळिशी उलटल्यावर अक्षरं शिकली आणि माझ्या झाकणावर आतून रंगांची नावं लिहिली. नीळ, गेरू, राख. वेलांट्या चुकल्या आहेत. मीही अक्षरं तीच शिकले, तशीच.

१९४८ च्या उन्हाळ्यात मुलखात निजामाच्या हत्यारबंद टोळ्यांची भीती पसरली. माणसं बाडबिस्तरा घेऊन मंठ्याच्या वाटेने हद्दीपलीकडे वऱ्हाडात जाऊ लागली. आमचंही घर निघालं. गाडीत जागा नव्हती. तुळजाबाईंनी तांब्याचा हंडा खाली उतरवला आणि तिथे मला ठेवलं. काकासाहेब म्हणाले, "हंडा सोडून लाकूड घेतलं?" तुळजाबाई म्हणाल्या, "गाडी हाका."

मित्रांनो, माझी दया करू नका. मला कपाटात ठेवून धूळ पुसत बसू नका. तिची अकरा चित्रं उरली आहेत. ती पुसू नका, त्यांना फुंकर मारू नका, त्यांना हळदकुंकू वाहू नका. दोन कागदांच्या मध्ये ठेवा आणि हवी तेव्हा बघा. माझ्या कप्प्यांत नवे खडू भरा, डिंक बेताने घाला आणि ज्याला कुणी 'तुला रंग चालत नाहीत' असं सांगितलं असेल, त्याच्या हातात मला द्या.

वऱ्हाडातल्या त्या परक्या गावी तिला न्हाऊ घालताना नखांतली नीळ निघेना. बायका काडीने कोरायला लागल्या. तुळजाबाईंनी काडी काढून घेतली. म्हणाल्या, "राहू द्या. तिची हाय ती."

गोजरबाई, बद्रीनाथ मास्तरांची बायको, १९४८ साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारली.